ओएसबीपीचा आलेख अर्ध्यावर थांबतो तेव्हा

लिपिड वाहून नेणाऱ्या प्रथिनांवर पीएचडी सुरू करताय? मग माझे सात महिने कुठे गेले ते आधी ऐका.

माझं प्रथिन ओएसबीपी. ईआर, म्हणजे पेशीतलं पटलांचं जाळं, तिथलं कोलेस्टेरॉल ते ट्रान्स-गॉल्जीला, म्हणजे गॉल्जी या पेशी-अंगकाच्या शेवटच्या टोकाला पोचवतं, हे तुम्हाला माहीत असेलच. मी दोन प्रकारचे लायपोसोम, म्हणजे लिपिडांचे कृत्रिम फुगे, केले. एकात डीहायड्रोअर्गोस्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जागी वापरतात ते स्वतः चमकणारं स्टेरॉल, दुसरा कोरा. प्रथिन घातलं. कोऱ्यात किती स्टेरॉल पोचलं याचा आलेख रखडत चढला आणि अर्ध्यावर आडवा झाला. प्रथिन मेलं असणार, म्हणून तीनदा नव्याने शुद्ध केलं. तिन्ही वेळा तेच. रडू यायचं.

प्रथिन ठणठणीत होतं. ईआरच्या पटलात कोलेस्टेरॉल जेमतेम ५ टक्के, गॉल्जीच्या त्या टोकाला बरंच जास्त. म्हणजे ही वाहतूक चढावरची. नुसता हमाल दोन्हीकडचं प्रमाण सारखं झालं की थांबणारच. चढावर ओढायचा जोर पीआय४पी हे फॉस्फेट असलेलं लिपिड पुरवतं. गॉल्जीवर एटीपी खर्चून ते तयार होतं. ओएसबीपी तिथे कोलेस्टेरॉल सोडतं, आपल्या त्याच खोबणीत पीआय४पी घेऊन ईआरला येतं आणि तिथलं सॅक१ हे एन्झाइम लगेच त्याचा फॉस्फेट तोडतं. परतीची वाट बंद. मोटेचे बैल धावेवरून उताराला चालतात म्हणून पाणी वर येतं, तसंच हे. खोबणी एकच, त्यात एका वेळी लिपिडही एकच. त्यामुळे हा सौदा अदलाबदलीचाच. फ्रान्समधल्या ब्रुनो अँटोनी यांच्या गटाने २०१३ मध्ये हे चक्र मांडलं. तो पेपर माझ्या टेबलावर होता. मी फक्त शेवटची आकृती पाहिली होती. आकृत्यांवरून विषय शिकू नका, खरंच सांगते.

कोऱ्या लायपोसोममध्ये पीआय४पी घालून बघ, हे सुचवलं शेजारच्या बाकावरच्या सिनियरने. माझ्या मते मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा शेजारी बसून तुमचा कच्चा आलेख बघणारा माणूस लाखमोलाचा. गाईड निवडण्याआधी लॅबमध्ये असं कोण आहे ते विचारा.

आणखी एक: आखूड शेपटीची एनबीडी लिपिडं, म्हणजे एनबीडी हा चमकणारा रेणू जोडलेली, वापरायला सोपी, पण ती प्रथिनाशिवायही एका पटलातून दुसऱ्यात जातात. बिनप्रथिनाचा कंट्रोल रोज लावा.

उशीर झाला म्हणून घाबरू नका. पुढे पेशींना ओएसडब्ल्यू-१ हे रसायन देऊन ओएसबीपी अडवलं, तेव्हा गॉल्जीवर पीआय४पी साचताना दिसलं. ते का साचतंय, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.