निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाण्या: तळावरची अक्षरं शेवटी वाचा

आधी तीन नावं: मिंग हे चीनचं जुनं राजघराणं, खांगशी हा त्यानंतरच्या छिंग घराण्यातला बादशहा (त्याच्या काळातल्या भांड्यांनाही खांगशीच म्हणतात), आणि जिंगदेजन हे चिनी मातीची भांडी घडवणारं गाव. माणसांची चित्रं असलेली निळी-पांढरी फुलदाणी समोर आली की नवशिका ती आधी उलटी करतो आणि तळावरची, बादशहाचं नाव सांगणारी सहा चिनी अक्षरं वाचतो. असं करू नका. या अक्षरांच्या नादात माझी उमेदीची वर्षं गेली, ते अजून टोचतं.

कारण नीट समजून घ्या. १६७७ मध्ये जिंगदेजनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर खांगशी बादशहाचं नाव घालायला बंदी केली; भांडं फुटून तुकडे पायाखाली आले तर बादशहाचा अपमान होईल म्हणून. मग कारागीर तळाला नुसती दुहेरी वर्तुळं काढू लागले, एखादं पान काढू लागले, नाहीतर सरळ मिंग काळातल्या छंगह्वा बादशहाचं (१४६५–१४८७) नाव घालू लागले. ते वाचून तुम्ही दोनशे वर्षं मागे जाल, आणि वस्तू मात्र अस्सल, उत्तम खांगशी असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच्या नेमकं उलट झालं: खांगशी शैलीला मागणी आली आणि नव्या मालावर बिनदिक्कत खांगशीचं नाव पडलं. शिवाय मिंग जाऊन छिंग येतानाच्या, १६२० ते १६८३ या संक्रमणकाळातल्या कितीतरी सुंदर फुलदाण्यांचा तळ कोरा, बिनझिलईचा असतो. नाव नाही म्हणून त्या बाजूला ठेवल्यात तर फार मोठं काही हातचं जाईल.

आधी चित्र बघा. फुलदाणी पूर्ण फिरवा, कारण गोष्ट भोवताली फिरते आणि फोटोत तिची एकच बाजू येते. रात्री भिंत ओलांडून बागेत उतरणारा तरुण दिसला, तर तो ‘पश्चिम कक्ष’ या जुन्या चिनी नाटकातला विद्यार्थी झांग. असे प्रसंग छापील लाकडी ठशांच्या चित्रांवरून येत. संक्रमणकाळात गवत व्ही आकाराच्या छोट्या फटकाऱ्यांनी काढतात. खांद्याला झिलईखाली कोरलेली बारीक पट्टी असते, ती बोटाने चाचपा. खांगशीत निळ्याच्या गडद-फिक्या छटा एकावर एक चढतात. कपड्यांवरून काळ ठरवू नका: छिंग काळातल्या फुलदाण्यांवरही माणसं जुन्या मिंग पोशाखातच दिसतात, कारण कथाच जुन्या.

फोटोवरून काळ सांगणाऱ्या ॲपवर माझा काडीचा विश्वास नाही. वस्तू हातात न देणाऱ्या गुरूवरही नाही. फुटकी खापरं हातात देऊन ‘कडेची माती बघ’ म्हणणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

आणि धीर धरा, डोळा तयार होतो. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेला चिनी संग्रह आहे. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये चिनी भांड्यांचा पर्सिव्हल डेव्हिड संग्रह. काचेआड बघून झालं की लिलावाआधीच्या प्रदर्शनाला जा. तिथे विकत न घेताही फुलदाणी मागून हातात घेता येते. दोन्ही हातांनी धरा, मानेला धरून उचलू नका.