एक पाणवठा, एक वर्ष : मराठवाड्यात पक्ष्यांचे छायाचित्रण कसे शिकावे

मराठवाड्यात राहून पक्ष्यांचे छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याने आधी जागा निवडावी. ती जागा घरापासून इतकी जवळ असावी, की सूर्योदयापूर्वी तेथे पोहोचण्यासाठी आटापिटा करावा लागू नये. जायकवाडी हे आपल्या भागातील सर्वांत मोठे पक्षीक्षेत्र आहे. गोदावरीवरील हे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, त्याच्या जलाशयाला म्हणजे नाथसागराला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यात तेथे रोहित, चक्रवाक, पट्टकादंब, थापट्या अशा पक्ष्यांचे थवे उतरतात. तरीही नवशिक्याने सुरुवात तेथून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जलाशय अफाट असल्याने पक्षी काठापासून दूर असतात, आणि लांबून आलेला माणूस दिवसभरात जमेल तेवढे टिपण्याच्या घाईत काहीच नीट पाहत नाही. त्यापेक्षा गावालगतचा पाझर तलाव बरा. १९७२ च्या दुष्काळातील कामांपासून असे तलाव आपल्याकडे जागोजागी झाले आहेत, आणि आठवड्यातून एकदा, वर्षभर, त्यांपैकी एकाच तलावावर जात राहिल्यास तेथील प्रत्येक खुंट, प्रत्येक बाभूळ आणि तिच्यावर बसणारा पक्षी ओळखीचा होतो. पाणी जवळ नसेल तर गायरान किंवा माळरानही चालेल. माळटिटवी, धाविक, डोंबारी, पखुर्डी यांच्यासाठी मुद्दाम माळच धुंडाळावा लागतो.

वर्षभर जाण्याचा आग्रह अशासाठी, की एकाच जागेवर ऋतूगणिक वेगळे पक्षी आणि त्यांचे वेगळे वागणे दिसते. ऑक्टोबरपासून पाहुणी बदके आणि धोबी पक्षी येऊ लागतात. पाणी मागे सरून गाळपेराची जमीन उघडी पडली, की शेकाटे आणि तुतारी हे पक्षी उथळ पाण्यात व चिखलात चरताना दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीत रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली, की भोरड्यांचे थवे शेतांवर तुटून पडतात, आणि मचाणावर गोफण घेऊन बसलेले राखणदार हे छायाचित्रकाराचे पहिले शिक्षक ठरू शकतात, कारण थवा कोणत्या बाजूने येतो, कोणत्या झाडावर टेकतो आणि किती वाजता मुक्कामाला परततो, हे ते नेमके सांगतात. पुढे पळस फुलला की त्याच भोरड्या मधासाठी पळसावर येतात, आणि पानांचा आडोसा नसल्याने तेथे त्यांचे छायाचित्र फार सुरेख मिळते. एप्रिल-मेमध्ये पाणी आटत जाते तसे पक्षी उरलेल्या डबक्याभोवती एकवटतात. पावसाळा लागल्यावर विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकू लागतात.

जागा ठरल्यावर बसण्याची कला शिकावी लागते. पक्ष्याच्या मागे चालत जाणाऱ्याला बहुधा उडून जाणाऱ्या पक्ष्याची पाठ मिळते. म्हणून सूर्य पाठीशी येईल अशा काठावर, झुडपाला टेकून, मातकट रंगाचे कपडे घालून, उजाडण्यापूर्वीच बसावे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसहाला जागेवर असणे आवश्यक आहे. सुरुवातीचा अर्धा तास कॅमेरा मांडीवर ठेवून केवळ पाहावे. शक्यतो जमिनीवर पोटावर पडून, भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावे. कठड्यावर उभे राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यातून पक्षी चिखलाला चिकटल्यासारखा दिसतो.

पाहताना पक्ष्याच्या अस्वस्थतेच्या खुणा शिकाव्यात, कारण सगळी हातोटी त्यांतच आहे. चरणाऱ्या पट्टकादंबांच्या थव्यात एकाने मान ताठ केली तर हरकत नसते, पण चारपाच माना एकदम वर आल्या तर आपण फार जवळ आलो आहोत, असे समजून तेथेच थांबावे आणि माना पुन्हा खाली जाईपर्यंत हलू नये. टिटवी डोक्याला झटके देऊ लागली किंवा आरडाओरडा करत घिरट्या घालू लागली, तर तिचे घरटे किंवा पिल्ले जवळपास आहेत हे जाणून आल्या पावली मागे फिरावे. याच निरीक्षणाने पक्षी पुढे काय करील हेही कळू लागते. वेडा राघू तारेवरून किंवा काटकीवरून झेपावतो, हवेतच माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच काटकीवर परत येऊन भक्ष्य तिच्यावर आपटतो. मधमाशी असेल तर तिची नांगी निकामी होईपर्यंत तो ती घासतो. त्यामुळे त्याच्या उड्डाणामागे कॅमेरा फिरवण्याऐवजी काटकीवर फोकस ठेवून वाट पाहावी. कापशी घार गवतावर एका जागी पंख फडफडवत थांबते, आणि पाय खाली सोडून पंख वर उचलले की पुढच्या क्षणी ती सूर मारते. कवड्या धीवरही पाण्यावर असाच थांबून चोच खाली रोखतो. बटण दाबायचे ते या खुणेवर. सूर सुरू झाल्यावर बोट हलवणाऱ्याला फक्त पाण्याचे शिंतोडे मिळतात.

साधनांविषयी थोडक्यात सांगायचे, तर ४०० ते ६०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी कोणतीही लेन्स पुरेशी आहे, आणि ती टेकवायला धान्य भरलेली कापडी पिशवी तिपाईपेक्षा अधिक सोयीची पडते. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/८०० सेकंदाच्या आसपास, उडणाऱ्यासाठी १/२००० किंवा त्याहून अधिक ठेवावा. अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) लेन्सला जमेल तितके मोठे आणि आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) स्वयंचलित असावे. नवशिक्यांची खरी फसगत एक्सपोजरमध्ये, म्हणजे चित्रात किती प्रकाश घ्यायचा यात, होते. गडद पार्श्वभूमीवरचा बगळा टिपताना कॅमेरा चित्र उजळ करू पाहतो आणि बगळ्याच्या पिसांचा तपशील पुसला जातो, म्हणून एक्सपोजर एक पायरीपर्यंत उतरवावे. याउलट पांढुरक्या आकाशापुढे काळा कोतवाल पक्षी असेल तर ते एक पायरी किंवा किंचित अधिक चढवावे, एरवी त्याचा केवळ काळा आकार उरतो. छायाचित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात साठवावे.

आपल्याकडच्या हवेचा एक गुण मात्र आवर्जून लक्षात ठेवावा लागतो. काळी जमीन लवकर तापते, आणि उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आधीच तिच्यावरची हवा थरथरू लागते. लांबच्या पक्ष्याचे चित्र मग कितीही महागड्या लेन्सने काढले तरी लोणी वितळल्यासारखे येते. अशा वेळी लेन्सला दोष देऊ नये. अंतर कमी करता येत नसेल तर कॅमेरा बंद करून दुर्बीण आणि वही काढावी, आणि पुन्हा साडेचारनंतर बसावे. हिवाळ्यात हवा थरथरू लागण्याची वेळ आणखी तासाभराने पुढे जाते, एवढाच फरक.

घरट्यांची छायाचित्रे काढूच नयेत, हे माझे ठाम मत आहे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंड्यांवर बसते. छायाचित्रकार दहा मिनिटे जवळ थांबला तर तेवढा वेळ ती अंडी उन्हात उघडी पडतात, शिवाय माणूस कोठे वाकला हे कावळे वरून पाहत असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणे शिकारीच्या व्याख्येत येते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे, खाद्य टाकून जवळ आणणे, थवा उडावा म्हणून खडा मारणे, यांपैकी काहीही करू नये. अभयारण्यात जाताना वन विभागाचे नियम पाळावेत आणि परवानगीची चौकशी आधीच करावी; शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे आणि उभ्या पिकातून पाय टाकू नये. शेतकऱ्याशी बोलणे झाले, की नांगरटीमागे गायबगळे, कोतवाल आणि धोबी कोणत्या दिवशी जमतील हेही आपोआप कळते, कारण नांगरट कधी आहे ते शेतकऱ्यालाच ठाऊक असते. ट्रॅक्टरला हे पक्षी बिचकत नाहीत, तेव्हा बांधावर बसून ते अगदी जवळून टिपता येतात.

घरी परतल्यावर छायाचित्रे चाळण्याआधी वही लिहावी. तारीख, वेळ, वारा, पाण्याची पातळी, शेतातले पीक, पक्ष्याचे नाव व अंदाजे संख्या आणि तो काय करत होता, एवढ्या नोंदी पुरेत. नाव ठाऊक नसेल तर चोच, पाय आणि डोळ्याभोवतीचा रंग लिहून ठेवावा. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि वही सुरू करायला तो काळ उत्तम, कारण पाहुणे नुकतेच येऊ लागलेले असतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकल्यास आपल्या तलावाची नोंद इतर अभ्यासकांनाही उपयोगी पडते, मात्र घरट्याचे नेमके ठिकाण कोठेही जाहीर करू नये.

छायाचित्रे मोठी करून पाहताना पायांकडे आणि मानेकडे विशेष लक्ष द्यावे. पट्टकादंबांच्या मानेत कधी कधी अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली, अक्षरे व अंक असलेली रंगीत पट्टी असते, आणि मंगोलियात अशा पट्ट्या घातलेले पक्षी भारतात आढळलेले आहेत. इतर काही पक्ष्यांच्या पायांत अशीच धातूची किंवा रंगीत कडी असते. पट्टीचा रंग, अक्षरांचा रंग, वाचनाचा क्रम आणि कडे उजव्या पायात आहे की डाव्या, हे टिपून, चित्र न कापता, तारीख व ठिकाणासह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावे. चित्र अस्पष्ट असले तरी अक्षरे वाचता येत असतील, तर तेही पाठवावे.