जुन्या गाडीची ऑइलगळती घरच्या घरी कशी थांबवावी

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी रात्रभर उभी राहिली की खाली काळा डाग पडतो. मग शेजारीपाजारी निदान ठरलेलं असतं: "गाडी ऑइल टाकायली, चेंबरचं पॅकिंग गेलंय." चेंबर म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, आणि पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या जोडातून ऑइल गळू नये म्हणून मध्ये बसवलेली पट्टी. बऱ्याचदा चेंबरचा काही दोष नसतो. ऑइल वरच्या टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून निघतं, इंजिनच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या कडेला, म्हणजे चेंबरला येऊन थेंब धरतं. म्हणून चेंबरला हात लावायच्या आधी वर बघा.

त्यासाठी इंजिन आधी स्वच्छ हवं. मराठवाड्याची धूळ ऑइलवर बसली की तिचा जाड चिकटा होतो, आणि त्याखालची ओल ताजी की दोन वर्षांपूर्वीची, हे कुणालाच सांगता येत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना, उन्हाळ्यात तर सकाळीच, हे काम उरका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अल्टरनेटर आणि वायरींचे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीने झाका. लाकडी पट्टीने चिकटा खरवडा, मग जुन्या ब्रशने थोडं थोडं डिझेल लावून घासा आणि कोरड्या चिंध्यांनी पुसा. आसपास विडी-काडी नको. वॉशिंग सेंटरवर जोराचा फवारा मारून घेणं टाळलेलंच बरं. पाणी कुठल्या कनेक्टरमध्ये शिरेल याचा नेम नसतो.

सगळं वाळलं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, पट्ट्याजवळ मात्र नको. मग पंधरा-वीस किलोमीटर चक्कर मारा. त्यात चढ असला तर उत्तम. बीडकडच्या लोकांना मांजरसुंब्याचा घाट आहेच. चढावर इंजिनावर लोड येतो, आतला दाब वाढतो आणि सपाट रस्त्यावर लपलेली गळती उघडी पडते. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. पावडरीत ओला माग दिसेल. तो धरून वरच्या दिशेने जा. जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओल आहे, तिथे दुखणं. गळणारं इंजिन ऑइलच आहे ना, हेही बघून घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो आणि स्टिअरिंगचं ऑइल बहुधा तांबडं असतं.

ओल आणि थेंब यांत फरक करा. जुन्या इंजिनाची जोडावरची नुसती ओल चालवून घ्यावी. तेवढ्यासाठी इंजिन उघडण्यात अर्थ नाही. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी उतरत असेल तर काम हाती घ्या. आणि ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडत असेल, बोनेटमधून धूर-वास येत असेल, तर गाडी चालवूच नका. त्यातून आग लागते.

आता पाना उचलण्याआधी एक फुकटची तपासणी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर आधी तेवढं काढा. मग ब्रीदरचा पाइप काढून बघा. पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा गॅस याच वाटेने बाहेर पडतो. पाइप किंवा त्याचा व्हॉल्व्ह चिकट्याने बुजला की गॅस सीलांमधून वाट काढतो आणि ऑइल सोबत नेतो. असा ब्रीदर तसाच ठेवून नवं पॅकिंग टाकलं तर तेही लवकरच गळायला लागतं. पाइप डिझेलने धुऊन वाळवून परत बसवा. त्यानंतरही चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तिथे पॅकिंग बदलून फार काळ निभावणार नाही.

सोप्या जागा दोन-तीनच. ड्रेन बोल्टचा वॉशर प्रत्येक ऑइल बदलाला नवा टाका. फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. नव्या रिंगला ऑइल चोळा, फिल्टर टेकला की पुढे हातानेच पाऊण फेरा, बस. ऑइल प्रेशरचा स्विच वायरीच्या बाजूने ओला दिसला तर तो सरळ बदला.

खरी मेहनत टॅपेट कव्हरची, आणि घरी जमण्यासारखं हेच मोठं काम. इंजिन थंड करा, आड येणारे पाइप आणि वायरी सोडवा. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोल्ट सगळे थोडे थोडे ढिले करत काढा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेला टपली मारा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंत तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि नवी गळती त्याच जागेतून सुरू होते. जुनं पॅकिंग हातात घेऊन वाकवा: उष्णतेने कडक झालेलं रबर कटकन मोडेल. दोन्ही कडा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, आत कचरा पडू देऊ नका.

नवं रबरी पॅकिंग कोरडंच बसतं. सीलंट, म्हणजे ट्यूबमधला जोड बुजवायचा लेप, लावायचा तो फक्त अर्धगोल कोपऱ्यांत आणि जोड येतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा. गावोगावी मात्र अख्खी ट्यूब पिळायची पद्धत आहे. जास्तीचा सीलंट आत लोंबतो, तुटतो आणि चेंबरमधल्या जाळीत जाऊन अडकतो. मग पंपाला ऑइल मिळत नाही आणि इंजिनच बसतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. हे बारीक बोल्ट बहुतेक ८ ते १० न्यूटन-मीटरचेच असतात, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आखूड पाना घ्या. जास्त आवळलं की पत्र्याचं कव्हर वाकतं. सीलंट लावला असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळून, शक्यतो एक रात्र जाऊ देऊन मगच गाडी चालू करा.

चेंबरचं पॅकिंग काही गाड्यांत खालून निघतं, काहींत क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीखालची आडवी पट्टी, सोडवावा लागतो. करायचंच असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. मजबूत स्टँड लावा, चाकांना दगड लावा.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून गळत असेल तर तो बहुधा मागचा क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाची रबरी रिंग. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते गॅरेजचंच काम. महिन्याला पाव लिटरच जात असेल तर ऑइल भरत चालवा आणि क्लचप्लेट बदलायला गाडी खोलाल तेव्हा सीलही टाकून घ्या, मजुरी एकदाच लागेल. तोवर जास्त किलोमीटरच्या गाड्यांसाठी मिळणारं ऑइल वापरून बघता येतं; त्यातल्या रसायनांनी कडक झालेलं रबर थोडं नरमतं, फाटलेलं मात्र सांधत नाही. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर १५डब्ल्यू-४० ऐवजी त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० ऑइल टाकल्यानेही उन्हाळ्यात गळती कमी होते.

निघालेलं जळकं ऑइल वाळवीसाठी लाकडाला फासायची आपल्याकडे जुनी सवय आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. नालीत, बांधावर, बोअरजवळ ओतू नका, आणि हातमोजे घालूनच हाताळा. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, नोंदणीकृत रीसायकलरला ऑइल देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.