कर्मचाऱ्यांना बक्षीस द्यायचंय? आधी कशासाठी ते ठरवा

या विषयावरचे बहुतेक सल्ले भेटवस्तूंच्या यादीपाशी येऊन संपतात. व्हाउचर द्या, नाव कोरलेली ट्रॉफी द्या, भिंतीवर फोटो लावा. हे सगळं करायला अर्धा दिवस पुरतो. घोडं अडतं ते दुसरीकडेच. मी बरीच वर्षं अशा योजना आखतोय, चालवतोय आणि दुसऱ्यांनी आखलेल्या निस्तरतोय. त्यातून जी पद्धत हाताला बसली ती ही.

१. आधी पगाराचं बघा

पगार उशिरा होत असेल किंवा ओव्हरटाइम थकला असेल, तर बक्षिसाचा विषय काढूच नका. पगार, कामाच्या जागेची अवस्था, कंपनीचे नियम या गोष्टी बिघडल्या की माणूस वैतागतो. त्या सुधारल्या म्हणून तो हुरूपाने कामाला लागतोच असं नाही, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं. त्यांच्या मांडणीवर पुढे टीकाही झाली. पण थकलेल्या पैशांच्या जागी सर्टिफिकेट आलं की लोक ते ग्रुपवर टाकून हसतात, हे मी पाहिलंय. हसणारच.

२. दाद कशाला द्यायची ते ठरवा

सगळी मेख इथे आहे. मीही सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच केली.

पहिला मोह असतो जे मोजता येतं त्याला बक्षीस लावण्याचा. हजेरी, विक्रीचा आकडा, घेतलेले फोन. सोपं वाटतं, वादही होत नाहीत. पण कपडे धुण्याचे पाच कारखाने चालवणाऱ्या एका कंपनीत काय झालं ते पाहा. त्यांनी एका कारखान्यात पूर्ण हजेरीला बक्षीस सुरू केलं: महिनाभर वेळेवर आलात की तुमचं नाव सोडतीत. त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक वेळेवर यायला लागले, पण नाव सोडतीत असेपर्यंतच. एकदा उशीर होऊन नाव बाद झालं की उरलेला महिना मोकळा. उशीर होणार असं दिसलं की काहींनी सरळ आजारपणाची रजा टाकली, कारण ती नियमात बसत होती. आणि जे आधीपासून कोणी न सांगता वेळेवर येत होते, त्यांचीच हजेरीही घसरली आणि कामही मंदावलं. कारखान्याची एकूण उत्पादकता १.४ टक्क्यांनी खाली आली. बक्षीस देऊन वर तोटा.

आकड्यामागे धावण्याचं टोक पाहायचं असेल तर अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक आहे. जास्तीत जास्त खाती उघडण्याचं टार्गेट आणि त्यावर पैसे, म्हणून कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला, आणि तोवरच्या पाच वर्षांत सुमारे ५,३०० जणांची नोकरी गेली होती. टार्गेट लावताना कोणाच्या मनात हे नव्हतं. नसतंच.

दुसरा मोह याहून फसवा: जे डोळ्यांसमोर घडतं त्याला दाद देणं. देखल्या देवा दंडवत. रात्री सिस्टीम बंद पडली, एक जण पहाटेपर्यंत बसून ती चालू करतो, सकाळी साहेब टाळ्या वाजवतात, त्याला ट्रॉफी. शेजारच्या विभागात दर आठवड्याला बॅकअप तपासणारी बाई आहे, तिची सिस्टीम बंदच पडत नाही. तिच्या वाट्याला काय? काही नाही, कारण तिच्याकडे काही घडलंच नाही. दोन-तीन वेळा असं झालं की हुशार माणसं बरोबर धडा घेतात: आग लागू द्या, मग विझवा. कित्येकदा ती आग विझवणाऱ्याच्याच ढिलाईने लागलेली असते, तेही बघायला हवं.

यावर माझा उपाय एका प्रश्नाचा आहे. आठवड्याच्या शेवटी दोघा-तिघांना गाठून विचारा: ‘या आठवड्यात तुमचं काम कोणामुळे अडलं नाही?’ प्रश्न असाच विचारा. ‘कोणी चांगलं काम केलं?’ असं विचारलंत की दोस्तांची नावं येतात, नाहीतर साहेबांच्या लाडक्यांची. ‘अडलं नाही’ म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो, आणि मग भलतीच नावं निघतात. अपुरं बिल टेबलावर न ठेवता त्याच दिवशी परत पाठवणारा अकाउंट्सचा माणूस. किंवा शिफ्ट सोडताना वहीत लिहून जाणारी ऑपरेटर: ‘मशीन तीन, डावा पट्टा सैल, चालू करण्याआधी बघा. किल्ली वरच्या खणात.’ अशा दोन ओळींनी पुढच्या शिफ्टचा तास वाचतो आणि त्या कुठल्याही रिपोर्टात येत नाहीत. आलेली नावं तारखेसकट टिपून ठेवा. डोक्यात ठेवू नका. अप्रेझलच्या वेळी शेवटचा महिनाच आठवतो.

नाव हाती आलं की एक चाळणी लावा: हेच सगळ्यांनी केलं तर मला चालेल का? सगळ्यांनी वहीत नीट लिहून ठेवलं तर उत्तमच. सगळे रात्री अकरापर्यंत बसायला लागले तर? मग उशिरा बसण्याचं जाहीर कौतुक करू नका. त्या माणसाला उलट सुट्टी द्या, आणि काम एवढं का तुंबलं ते शोधा.

आणखी एक. ‘असं केलंत तर असं मिळेल’ ही भाषा शक्यतो टाळा. १९७३ मध्ये चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग झाला. चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली. मोठी माणसं काही फार निराळी नसतात. एकसुरी, नगांवर मोजायच्या कामाला नगामागे पैसे लावायला माझी हरकत नाही, फक्त त्याला मोबदला म्हणा. दाद अवचित यावी.

त्याच कारणाने ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ बंद करा. दर महिन्याला एक नाव काढायचंच म्हटलं की चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पाळी लागते. ‘या वेळी कोणाचा नंबर?’ असं लोक उघड विचारायला लागले की समजा, आता ते रेशन झालं. एखाद्या महिन्यात कोणीच नसेल तर देऊ नका, तिघे असतील तर तिघांना द्या.

३. दोन वाक्यं नीट लिहा

‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल अभिनंदन’ हे कोणालाही चिकटवता येतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. काय केलं, कधी केलं, त्याने कोणाचं काय वाचलं, एवढं लिहा. उदाहरणार्थ: ‘मंगळवारी माल निघण्याआधी दोन खोक्यांवरचे पत्ते अदलाबदल झालेले तुम्ही पकडले. दोन्ही ग्राहकांना माल वेळेत मिळाला आणि आमचा परत पाठवण्याचा खटाटोप वाचला.’ बस. ‘कुटुंब’, ‘ध्यास’, ‘समर्पण’ हे शब्द आवरा. आणि कौतुकाच्या शेपटाला नवं काम बांधू नका: ‘छान केलंत, म्हणून आता पुढचं प्रोजेक्टही तुम्हीच घ्या’ हे ऐकलेला माणूस पुढच्या वेळी छान करताना दोनदा विचार करतो.

४. चारचौघांत की एकट्यात, हे त्यालाच विचारा

काहींना मंचावर बोलावणं ही शिक्षा वाटते. नव्या माणसाला रुजू होतानाच विचारून टिपून ठेवा. टीका मात्र नेहमी एकट्यात.

५. काय द्यायचं

यावर वेळ घालवू नका. माणसांचा अनुभव असा की पगारात मिसळलेली छोटी रक्कम कोणाच्या लक्षातही राहत नाही. भरपगारी सुट्टी, हवं ते काम निवडायची मुभा, शिकायला पाठवणं, चांगली खुर्ची किंवा दुसरा मॉनिटर या गोष्टी लक्षात राहतात. दोन-तीन पर्याय ठेवा आणि निवड त्याच्यावर सोडा. कंपनीचं नाव छापलेली वस्तू देऊ नका, ती जाहिरात आहे. व्हाउचरवर कर लागतो का ते वाटण्याआधी अकाउंट्सला विचारा, नाहीतर बक्षिसाची कपात पगाराच्या स्लिपवर दिसते आणि सगळं मुसळ केरात.

काम चौघांचं असेल तर चौघांना. प्रमुखाला बोलावून ‘टीमच्या वतीने’ ट्रॉफी दिलीत की उरलेले तिघे टाळ्या वाजवतील आणि दुसऱ्या दिवसापासून हात आखडता घेतील.

६. आठवड्याच्या आत द्या

वार्षिक समारंभापर्यंत थांबलात की ते काम काय होतं हे करणाऱ्यालाही आठवावं लागतं.

७. सहा महिन्यांनी यादी काढा

ज्यांना दाद मिळाली त्यांची नावं एका बाजूला, हजेरीपट दुसऱ्या बाजूला. रात्रपाळीतल्या किती जणांचं नाव आहे? घरून काम करणाऱ्यांचं? कंत्राटी माणसांचं? दरवेळी तुमच्या केबिनजवळ बसणारेच येत असतील तर दोष त्यांचा नाही, तुमच्या फेऱ्या तेवढ्यातच होतायत. नावडतीचं मीठ अळणी असंही काही चाललंय का, तेही या यादीत दिसतं. एखाद्या विभागातून सहा महिन्यांत एकही नाव आलं नसेल तर त्या विभागाच्या मॅनेजरशी आधी बोला. मग तिथल्या दोघांना गाठा आणि तोच ‘अडलं नाही’वाला प्रश्न विचारा, मॅनेजर समोर नसताना.