कमी खर्चाचं महामार्ग डिझाइन विभागात अडतं कुठे? नव्याने येणाऱ्यांसाठी

महामार्ग विभागात खर्च वाचवण्याची कल्पना कोणालाच नापसंत नसते, फक्त त्या कागदावर सही करायला कोणी पुढे येत नाही. मॅन्युअलमधला छेद (रस्त्याच्या रुंदीची मानक आकृती) जसाच्या तसा उचलला तर कोणी जाब विचारत नाही. ३.६ मीटरची लेन ३.३ केली की कारण लिहून द्यावं लागतं.

नवखे बहुधा रुंदीत बचत शोधतात. खरा पैसा पुष्कळदा उंचीत असतो. टेकडीवर ३ टक्के चढ आणि लगेच ३ टक्के उतार, म्हणजे फरक ६. अमेरिकी मानकाप्रमाणे डिझाइन वेग (ज्या वेगासाठी रस्ता आखायचा तो) ताशी १०० किमी धरला तर थांबण्याचा दृष्टिपल्ला (अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत लागणारं अंतर) १८५ मीटर, के (चढ-उताराच्या दर एक टक्का फरकामागे वक्राची लांबी, मीटरमध्ये) ५२, आणि माथ्यावरचा वक्र ६ × ५२ = ३१२ मीटर. वेग ८० धरला तर दृष्टिपल्ला १३०, के २६, वक्र १५६ मीटर. जमीन दोन्ही उतारांना धरून असेल तर माथ्यावरचं कटिंग, म्हणजे खोदाईची खोली (फरक × लांबी ÷ ८००), २.३४ मीटरवरून १.१७ वर येतं. कटिंग उथळ झालं की बाजूचे उतारही आखडतात आणि जागा कमी लागते. खालून खडक निघणार असेल तर हा हिशेब सर्वात आधी करा.

मात्र आधी जागेवर वेग मोजा. मोकळ्या धावणाऱ्या निदान शंभर गाड्यांची नोंद घ्या आणि ८५ व्या पर्सेंटाइलचा वेग काढा, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो. गाड्या ९५ ने पळत असताना कागदावर ८० लिहिणं ही बचत नव्हे, अपघाताची सोय आहे.

नियम आड येतात, हे अर्धंच खरं. अमेरिकेत संघीय महामार्ग प्रशासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्ग जाळ्यासाठीचे नियंत्रक निकष (जे मोडायचे तर लेखी मंजुरी लागते) १३ वरून १० केले, आणि ताशी ५० मैलांखालच्या डिझाइन वेगाला त्यातले दोनच ठेवले : डिझाइन वेग आणि पुलाची भारक्षमता. पण वर नियम सैल झाला तरी खालची चेकलिस्ट आणि सॉफ्टवेअरचा टेम्पलेट आपोआप बदलत नाही. टेम्पलेट उघडला की जुनी रुंदी आधीच भरलेली असते, आणि ती कोणी ठरवली हे कोणी विचारत नाही.

वेळही चुकते. पर्यावरण मंजुरी झाली, भूसंपादनाचे नकाशे निघाले, की स्वस्त पर्यायही महाग पडतो. पर्याय स्कोपिंगलाच, म्हणजे प्रकल्पाची व्याप्ती ठरते त्या पहिल्या टप्प्यातच मांडा.

सूट मागणारी टिपणी एका पानात बसवा : कोणता निकष, मानक मूल्य, प्रस्तावित मूल्य, कुठल्या साखळीपासून (रस्त्यावरच्या अंतराच्या खुणेपासून) कुठल्या साखळीपर्यंत, मागच्या पाच वर्षांचे अपघात प्रकारवार, खर्चातला फरक, आणि भरपाईचा उपाय (रंबल स्ट्रिप म्हणजे चाक गेलं की खडखडणारे पट्टे, कडेची रुंद रेषा, वळणाचे फलक). ‘निधी नाही’ एवढंच कारण लिहिलेली टिपणी परत येते आणि यायलाच हवी. उद्या कोर्टात दावा लागला तर विचार करून निर्णय घेतल्याचा पुरावा हेच पान असतं.

लेन आणि शोल्डर (लेनच्या कडेची मोकळी पट्टी) दोन्ही एकदम आखडू नका. बंद पडलेला ट्रक मग थेट वाहतुकीत उभा राहतो. निचरा, मोऱ्यांचा आकार आणि पेव्हमेंटची (रस्त्याच्या थरांची) जाडी यांना हात लावू नका. तिथे वाचलेला पैसा दुरुस्तीत दामदुपटीने जातो.

कन्सल्टंटची फी बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर असेल तर त्याच्याकडून स्वस्त पर्याय येण्याची वाट पाहू नका. करारातच दोन पर्यायांच्या तुलनेचे तास वेगळे धरून घ्या.