काळ्या मातीत बागेची भिंत, नुसते ब्लॉक रचून

नागपूरला बेसाकडच्या आमच्या प्लॉटवर बागेतली माती अडवायला मी आधी विटांची छोटी भिंत बांधून घेतली होती, प्लास्टर वगैरे सगळं, अन् पहिल्या पावसाळ्यानंतरच तिला तिरपी भेग गेली. मिस्त्री म्हणे सिमेंट कमी पडलं. पण खरं कारण खालची काळी माती. ही पावसात फुगते, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आकसून भेगाळते, अन् वरची भिंत तिच्यासोबत वरखाली होते. म्हणून दुसऱ्यांदा काँक्रीटचे ब्लॉक नुसते रचले, सांध्यात सिमेंट-वाळूचा मसाला नाही. अशी भिंत थोडी हलली तरी तडकत नाही, एखादा थर बसला तर काढून परत लावता येतो.

उंची २ फुटांपर्यंतच ठेवा. त्याहून उंच माती अडवायची असेल तर इंजिनिअरला विचारा, तिथे अंदाजाने काम करू नका.

ब्लॉक भरीव घ्या, १६ बाय ८ बाय ८ इंचाचे. २० फूट लांबीला एका थरात १५ लागतात, ३ थर वर अन् १ जमिनीत म्हणजे ६०, तुटफूट धरून ६५ मागवा. एकेक ३५ किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे दोघं जण लागतातच. हलके पांढरे सिपोरेक्सवाले ब्लॉक इथे नको, ते पाणी पितात, ओल्या मातीत टिकत नाहीत.

काम दिवाळीनंतर काढा, तेव्हा माती ना चिखल ना दगड. खोदायच्या आधी नळाची लाईन अन् वायर कुठून गेली ते बघून घ्या.

आता पाया, सगळा जीव इथेच ओता. २ फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. निघालेली काळी माती परत आत टाकायची नाही, अजिबात नाही. तळाशी ६ इंच मुरूम, तोही एकदम नाही, ३-३ इंचाचे थर टाकून थोडं पाणी शिंपडायचं अन् धुम्मसने असा ठोकायचा की टाच रुतली नाही पाहिजे. त्यावर ३ इंच गिट्टी, मग इंचभर चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. सगळं मिळून ३३ घनफूट होतं, ठोकल्यावर बसतं म्हणून अर्धा ब्रास, म्हणजे ५० घनफूट, धरून चाला.

पहिला थर पूर्ण जमिनीत जातो. सूतदोरी बांधा, पाण्याच्या नळीने लेव्हल काढा, प्रत्येक ब्लॉक रबरी हातोडीने ठोकून दोन्ही बाजूंनी स्पिरिट लेव्हल लावा. मला या एका थराला अख्खा दिवस लागला, वरचे तीन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाले. इथे पाव इंचाचा फरक राहिला तर वर तो दिसतोच.

दुसरा थर अर्ध्या ब्लॉकने सुरू करा म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. अर्धे ब्लॉक ग्राइंडरने कापताना मास्क अन् गॉगल लावाच, ती धूळ फुफ्फुसाला फार वाईट. प्रत्येक थर खालच्यापेक्षा अर्धा इंच मागे, मातीच्या बाजूला घ्या, मग भिंत मातीवर रेलून राहते.

भिंतीच्या मागे, पुढच्या बाजूच्या जमिनीच्या पातळीपेक्षा किंचित वर, ४ इंचाचा भोकांचा पीव्हीसी पाईप, २० फुटाला २ इंच उतार देऊन, तोंड बाहेर काढून. त्याच्याभोवती अन् भिंतीला लागून फूटभर रुंद गिट्टी भरा, गिट्टी अन् मातीच्या मधे जिओटेक्स्टाइल कापड लावा नाहीतर माती येऊन सगळं तुंबतं. पाणी साचलं की भिंत पुढे झुकते, काळी माती थेट टेकवली तरी तेच.

वरच्या थरावर शहाबादी फरशी लावायची असेल तर तेवढ्यापुरता मसाला चालतो. भिंतीजवळ मोगरा, कढीपत्ता लावा, बदाम-अशोकसारखं मोठं झाड दूर ठेवा. जून-जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन पाईपच्या तोंडाशी जा, पाणी बाहेर येत नसेल तर त्याच दिवशी मोकळं करा.