जुना मारिओ पुन्हा लावताय? या चुका टाळा

माळ्यावरचा खोका खाली येतो. त्यातून पिवळट पडलेली व्हिडिओ गेमची मशीन आणि दोन-चार गेमच्या कॅसेट निघतात, घरातले सगळे टीव्हीसमोर जमतात, आणि दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "लहानपणी काय एवढं आवडायचं गं यात?" मुलुंडला माझ्या बहिणीकडे गेल्या दिवाळीत हेच झालं. गेमचा रिमोट बाजूला पडला, टीव्हीवर मालिका लागली. मला फार वाईट वाटलं, कारण गेममध्ये काहीच बिघडलं नव्हतं.

'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ला आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंदो यांचं. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार, अशा ३२ लेव्हल अवघ्या ४० केबी मेमरीत बसवल्या आहेत. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढली, फक्त रंग बदलला. एवढासा गेम चाळीस वर्षं टिकला याचं माझ्या मते एकच कारण आहे: तो खेळणाऱ्याला फसवत नाही. मारिओ मेला की का मेला ते तिथल्या तिथे कळतं, आणि चूक आपलीच असते. म्हणून "अजून एकदा" असं मनात येतं. खालच्या चुका नेमका हाच भरवसा मोडतात.

टीव्हीची सेटिंग तशीच ठेवणं

सगळ्यात जास्त मजा इथे जाते. जुन्या डबा टीव्हीत मशीनकडून आलेलं चित्र आलं तसं काचेवर उमटायचं. आजचा सपाट टीव्ही आधी ते चित्र मोठं करतो, गुळगुळीत करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. यात सेकंदाचा अगदी छोटा भाग जातो. मालिका बघताना तो जाणवतही नाही. पण मारिओ सेकंदाला साधारण ६० चित्रांच्या वेगाने चालतो आणि खड्ड्याच्या काठावर दोन-चार चित्रांचा उशीर म्हणजे सरळ खड्ड्यात. बटण वेळेवर दाबलेलं असतं, मारिओ उडतो उशिरा.

माझी नऊ वर्षांची भाची त्या दिवशी सारखी म्हणत होती, "मावशी, हा माझं ऐकतच नाहीये." खरंच ऐकत नव्हता. मी सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू केला, चित्र गुळगुळीत करणारा पर्याय बंद केला. तिसऱ्या डावात ती पुन्हा त्याच खड्ड्यात पडली आणि स्वतःशीच पुटपुटली, "बटण लवकर सुटलं माझं." मग तिने रिमोट सोडला नाही.

बऱ्याच टीव्हींत गेम मोड प्रत्येक इनपुटसाठी वेगळा लावावा लागतो, त्यामुळे मशीन जिथे जोडलीय तिथेच तो चालू आहे ना, हे बघा. ब्लूटूथ स्पीकरही काढून टाका, त्यावर नाण्याचा आवाज मागून येतो. चित्राची ठेवण ४:३ करा. ताणलेल्या चित्रात मारिओ जाडा दिसतो आणि उडीचा अंदाज चुकतो.

एवढं करूनही उशीर जात नसेल तर डबा टीव्हीच शोधा. भंगारवाल्याला सांगून ठेवलं तर मिळतो. मात्र तो स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जबरदस्त व्होल्टेज साठलेलं राहू शकतं. बदकं मारायच्या गेमसोबत येणारी बंदूक तर डबा टीव्हीशिवाय चालतच नाही. ती त्या काचेवरचा प्रकाश नेमक्या क्षणी टिपते, सपाट टीव्हीवर तो क्षण जुळत नाही. बंदूक बिघडली म्हणून फेकू नका.

कॅसेटला फुंकर मारणं

गिरगावातल्या आमच्या चाळीत हा विधीच होता. कॅसेट काढायची, जोरात फुंकायची, पुन्हा बसवायची. चालायची, म्हणून विश्वास बसला. खरं तर काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या. फुंकरीतून जाते ती थुंकी आणि ओल, त्याने पिना गंजतात. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटाला गंज चढतो, तिथे या पातळ पट्ट्यांचं काय होत असेल?

इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हलक्या हाताने पुसा. कापूस काळा निघेल. स्वच्छ निघेपर्यंत पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. खोडरबर शेवटचा उपाय समजा, तो वरचा मुलामा खरवडतो. कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका.

हाती लागेल तो अडॅप्टर लावणं

पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. मशीनवरचे व्होल्ट वाचा आणि मधलं टोक अधिक की उणे, ते छोटं चित्र बघा. जपानहून आलेली मूळ मशीन असेल तर तिचा अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावला तर जळेल. शंका असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मशीन घेऊनच जा, तोंडी वर्णनावर अडॅप्टर घेऊ नका. कॅसेट घेतानाही हेच करा: जपानी मशीनची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकेतली ७२ पिनांची, एकीची दुसरीत बसत नाही. आणि '९९९९ गेम' असं लिहिलेल्या कॅसेटवर भुलू नका, त्यात तेच मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात.

कॅसेट खराब आहे असं समजणं

दोन ठिकाणी हमखास असं वाटतं. ४-४च्या, म्हणजे चौथ्या वर्ल्डच्या चौथ्या लेव्हलच्या, किल्ल्यात तोच रस्ता परत परत येतो. कॅसेट अडकलेली नसते, तो चकवा आहे. वरची-खालची वाट चुकली की गेम मागे नेऊन सोडतो. ७-४लाही तेच, आणि ८-४ला चकवा पाइपांचा आहे. दुसरं म्हणजे, ३-१च्या शेवटी पायऱ्यांवर कासवावर उड्या मारत लाईफ वाढवत बसायची युक्ती. ती खरी आहे, पण हावरटपणा करू नका. गेमचा हिशोब १२७पर्यंतच जातो. त्यापुढे आकडा उणे धरला जातो आणि एकदा मेलात की थेट गेम ओव्हर.

गेम ओव्हर झाल्यावर चिडून मशीन बंद करणं ही तर आमची रोजची चूक होती. सुरुवातीच्या स्क्रीनवर ए बटण दाबून धरा आणि स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये हरलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून खेळ सुरू होतो. हे आम्हाला माहीत असतं तर किती सुट्ट्या वाचल्या असत्या.

नव्या खेळाडूला सगळं आधीच सांगणं

"बी दाबून पळ, ए धरून ठेव, इथे उडी मार" असा मारा करू नका. १-१चा पहिला पडदा नीट बघा. डावीकडे मारिओ, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते कळलं. समोरून तो भुवया आवळलेला तपकिरी प्राणी येतो. उडी मारली नाही तर मरता. मग प्रश्नचिन्हाचा ठोकळा डोक्याने फोडला की मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं, खाली पडतं, हिरव्या पाइपला आपटून तुमच्याकडेच परत येतं. घाबरून उडी मारावी तर वरच्या विटांना डोकं आपटून बहुतेक त्यावरच पडता, आणि मारिओ मोठा होतो. एक शब्द न लिहिता अर्ध्या मिनिटात गेमने सगळं शिकवलेलं असतं. आपण मध्ये बोललो की ते हिरावून घेतो.

त्याच कारणाने १-२मधल्या छतावरून पुढच्या वर्ल्डला नेणारे पाइप पहिल्याच दिवशी दाखवू नका. एकदम चौथ्या वर्ल्डला पोचलेलं मूल तिथे टिकत नाही. वेळेची भीतीही घालू नका. कोपऱ्यातले ४०० म्हणजे ४०० सेकंद नव्हेत, ते साधारण पावणेतीन मिनिटांत संपतात, पण १-१ला तेवढे पुष्कळ झाले. घाई १००च्या खाली संगीत वेगात आलं की करायची.

भाची सध्या ४-४ला अडकली आहे. तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर वाटा लिहायला घेतल्या आहेत: वर, खाली, पुन्हा वर, त्यावर काट, मग नवी ओळ. मला बरोबर वाट माहीत आहे का, असं तिने एकदाच विचारलं. मी विसरले म्हणून सांगितलं.